एक पक्ष हरवला आहे

ऐका हो! डिंडोली, गोडादरा, लिंबायत आणि भेस्तान या भागातल्या तमाम बंधू-भगिनींना, बाहेरगावाहून आलेल्या पाहुणे मंडळींना आणि पाण्याच्या टाकीवर बसलेल्या कावळ्यांनाही अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं की, आपल्या भागातून एक पक्ष हरवला आहे. वय बरंच. बांधा धिप्पाड. आवाज एके काळी खणखणीत, अलीकडे घोगरा. अंगात पांढरे कपडे, गळ्यात शिळा हार. नाव विचारलं तर आधी आजोबांचं सांगतो. शेवटचा दिसला तेव्हा एका लग्नाच्या मांडवात हात जोडून उभा होता. कोणाला सापडल्यास त्याला घाबरवू नये, थंड पाणी द्यावं आणि स्टेजजवळ आणून सोडावं. त्याची वाट बघणारं माणूस इथं बसलेलं आहे.

हे निवेदन मी माईकवरून अजून केलेलं नाही. पण दरवर्षी उन्हाळा चढला की ते माझ्या जिभेवर येऊन बसतं, आणि निवडणुकीचा उन्हाळा असेल तर खाली उतरायचं नाव घेत नाही.

माझा धंदाच निवेदनाचा. सुरतेच्या डिंडोलीत माझं साऊंडचं दुकान आहे. भोंगे, लाकडी पेट्या, वायरींची भेंडोळी आणि लाल मखमलीची टोपी घातलेला एक जुना माईक, ज्याला मी घरच्यांनासुद्धा हात लावू देत नाही. लग्न, बारसं, दशक्रिया, सप्ताह, काहीही असो, आवाज माझा. इथल्या निम्म्या खानदेशी पोरींची लग्नं माझ्या आवाजात लागली आहेत. त्यांतल्या काहींचे नवरे अजून माझ्याकडे रागानं बघतात, त्याला माझा इलाज नाही.

आखाजी, म्हणजे आमची अक्षय तृतीया, जवळ आली की सुरतेतली आमची माणसं गावाकडे निघतात. लूम्सची खडखड विरळ होत जाते. एरवी ती इतकी भरून असते की ती थांबली म्हणजे कानात काहीतरी बिघडलंय असं वाटतं. गल्ल्यांमधून गरम डांबराचा, कांजीचा आणि प्रिंटिंग मिलकडून येणाऱ्या ओल्या रंगाचा वास फिरतो. कुलपं दिसायला लागतात. अशा दिवसांत निवडणूक आली की माझ्या दुकानासमोर रिक्षा येऊन उभ्या राहतात, टपावर भोंगे बांधून घ्यायला. यंदाही आल्या आहेत. ओळीनं उभ्या आहेत. सगळ्यांवर झेंडा एकच.

त्या एकसारख्या झेंड्यांकडे बघून मी जे कुरकुरतो, त्याला राजकारण म्हणू नका. मी कोणत्याच पक्षाचा नाही. माझा आवाज भाड्याचा आहे आणि तो मी सगळ्यांना सारख्याच खुशीनं देतो. पण आमच्या गल्लीत पूर्वी दोन बाजूंनी दोन रिक्षा यायच्या आणि अरुंद वळणावर समोरासमोर अडकायच्या. दोन्हीतले भोंगे एकमेकांच्या तोंडात तोंड घालून ओरडायचे. बायका गच्चीवर यायच्या, कुत्री भुंकायची, चहावाला दोन्हीकडच्यांना चहा द्यायचा. कोणाची रिक्षा आधी मागे हटते यावरून लोक मताचा अंदाज बांधायचे. आता एकच रिक्षा येते आणि निघून जाते. कुत्रीसुद्धा उठत नाहीत.

पक्षाचं नाव मी सांगणार नाही. खट्याळपणा नाही हा. त्या काळी सांगावंच लागत नसे. "पक्षाचा माणूस आला", "पक्षाकडे जाऊन ये", "पक्षात ओळख आहे", एवढं म्हटलं की गोडादऱ्याच्या शेंबड्या पोरालाही कळायचं. नावं असायची ती बाकीच्यांना. हा नुसता पक्ष होता, जशी तापी नुसती नदी आहे. आता कोणी "पक्ष" म्हटलं तर तरुण पोरं मोबाइलमधून मान वर काढून विचारतात, "कया?" म्हणजे, कोणता?

आणि आमच्या बाजूला पक्ष म्हणजे जिभाऊ.

जिभाऊ हे त्यांचं नाव नव्हे. आमच्याकडे घरातल्या वडीलधाऱ्याला तसं म्हणतात, पण यांना अख्खा वॉर्ड म्हणायचा. शिंदखेड्याकडचे. तरुणपणी लूमवर आले, मग मुकादम झाले, मग पक्षाचे वॉर्डप्रमुख झाले आणि शेवटपर्यंत तेच राहिले. कधी स्वतः उभे राहिले नाहीत. उंच, काळेसावळे, पांढरी पैरण, हातात घडी केलेली पिशवी. ती पिशवी रिकामी असायची, पण तिच्यात कोणाचं रेशनकार्ड आहे, कोणाचा शाळेचा दाखला आहे, असं वाटत राहायचं. महापालिकेच्या झोन ऑफिसच्या दारात ते नुसते उभे राहिले की आतून कोणीतरी खुर्ची घेऊन बाहेर यायचं.

निवडणूक आखाजीत आली तर त्यांची खरी कसोटी. मतदार सगळे गावी, लग्नांमध्ये. जिभाऊ पॅसेंजरनं नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करत फिरायचे, मांडवामांडवातून माणसं उचलायचे. एकदा तर नवरदेवच उचलला होता. हळदीचं अंग, हातात कट्यार, तसाच सुरतेला आणला, मत द्यायला लावलं आणि टाळी लागायच्या आत परत पोचवला. आमच्याकडे अक्षता पडण्याच्या घडीला टाळी लागणं म्हणतात. नवरीचा बाप संतापला नाही. उलट लोकांना सांगत सुटला, जावयाला न्यायला पक्ष आला होता!

मी हे रंगवून सांगतो असं तुम्हाला वाटेल. थोडं रंगवतोच. पण नवरदेवाची हळद मतदान केंद्राच्या टेबलाला लागली होती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

त्यांच्या बायकोला सगळे जिजी म्हणतात. ठेंगणी, तिखट, डोक्यावरचा पदर कधी न ढळणारी बाई. तिनं पक्षाला पहिल्या दिवसापासून एकच नाव ठेवलं होतं: सवत. "सवतकडे गयात का?" असं ती जिभाऊंबद्दल विचारायची. रात्रंदिवस घरात कार्यकर्ते, चुलीवर बट्टीचं वरण, घोटलेली वांगी, चहाची पातेली. "सवतना पाहुना उना," सवतीचा पाहुणा आला, असं म्हणत ती वाढायची आणि वाढताना हात कधी आखडायची नाही. कार्यकर्ते हसत जेवायचे. सवत रुबाबात होती तेव्हा या विनोदाला गोडवा होता.

आता थोडं टॉवेल-टोपीबद्दल सांगायला हवं, कारण पक्षाचं काय होणार हे वर्तमानपत्राआधी मला त्यातून कळलं.

आमच्या खानदेशी लग्नात अक्षतांआधी सत्कार असतात. मानाच्या माणसांना टॉवेल, टोपी आणि नारळ देतात, आणि प्रत्येकाचं नाव हुद्द्यासकट माईकवर घेतात. वऱ्हाड उन्हात तळतं, नवरी घामानं भिजते, भटजी घड्याळ बघतात, पण सत्कार संपल्याशिवाय टाळी लागत नाही. पाहुण्यांना हा छळ वाटतो. माझं पोट त्या छळावर आहे. पण गंमत क्रमाची. पहिलं नाव कोणाचं, दुसरं कोणाचं, यावरून भाऊबंदकी तुटलेली मी पाहिली आहे. त्या काळी पहिलं नाव ठरलेलं: "पक्षाचे वॉर्डप्रमुख जिभाऊ!" माझा आवाज 'जिभाऊ'वर असा उंच चढायचा की पेटी शिट्टी मारायची.

एका सीझनमध्ये इतके टॉवेल जमायचे की जिजीनं त्यांच्या गोधड्या शिवल्या. त्यांच्याकडे मुक्कामाला गेलेला माणूस सत्काराखाली झोपायचा.

मग कधीतरी एका लग्नात वधुपित्यानं माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "भटू, पहिलं नाव नगरसेवकांचं घे. जिभाऊंचं मग." नगरसेवक समोरच्यांचे होते. जिभाऊ विरोधकांना कधी नावानं संबोधत नसत, 'समोरचे' म्हणत. पुढच्या सीझनला जिभाऊ तिसरे झाले, मग त्याच्याही खाली. मग एकदा चिठ्ठीवर त्यांचं नाव नव्हतंच, "आणि इतर मान्यवर" होतं. मी आपला गुपचूप नाव घातलं. पण पेटीनं शिट्टी मारली नाही, आणि टॉवेलही संपले होते, त्यांना नुसता नारळ मिळाला. ते नारळ हातात घेऊन खाली उतरले आणि मला म्हणाले, "पानी शे यामा. चांगला शे." चांगला आहे म्हणे, पाणी आहे त्यात.

समोरचे आता समोर होते, मागे होते, डाव्या-उजव्या हाताला होते, आणि पुढे पुढे घरातही आले. सुरत कापडाचं गाव. देशात कुठंही निवडणूक होवो, झेंडे आणि गळ्यात घालायचे पट्टे इथंच छापले जातात. त्या पट्ट्यांना आम्ही इथं खेस म्हणतो. मिलमधून छापून आलेल्या खेसांच्या टोकांना गोंडे बांधायचं काम डिंडोलीतल्या घराघरात बायका करतात. पूर्वी पक्षाचे खेस टेम्पो भरून यायचे. मग गठ्ठे लहान झाले. मग जिजीच्या सुनेनं काम देणाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "उनका ऑर्डरही नहीं है, भाभी." काम तर हवंच होतं. तेव्हापासून जिभाऊंच्या घरात समोरच्यांच्या खेसांचे ढीग पडायला लागले. सून आणि जिजी फरशीवर बसून गोंडे बांधायच्या, आणि संध्याकाळी जिभाऊ पैरण सावरत, कशावर पाय पडू नये म्हणून टाचा उचलत, त्या ढिगांमधून पलीकडच्या खुर्चीकडे जायचे. कापडावर पाय ठेवू नये, एवढंच ते म्हणायचे.

जिजीच्या गोंड्याची एक खूण होती. बाकीच्या बायका एक गाठ मारतात, ती दोन मारते. जास्तीची गाठ कशाला, त्याचं काही मिळत नाही, असं सून म्हणायची. जिजी म्हणायची, "उसवना तर लोके माले हासतीन." कोण हसणार होतं तिला? प्रचार संपला की ते खेस गटारीत पडतात.

पण एक गोष्ट त्या घरात पाळली जायची. पक्ष संपला, असं जिभाऊंसमोर कोणी म्हणत नसे. मुलगा नाही, सून नाही, नात नाही, आणि सवतीला रोज शिव्या घालणारी जिजीही नाही. "सवत आजारी शे," इथपर्यंतच तिची मजल. टीव्हीवर निकाल लागले की कोणीतरी उठून आवाज कमी करायचं. मीही त्यातला. दुकानासमोरच्या खुर्चीवर बसून जिभाऊ म्हणायचे, "पुढल्या खेपेला बघ, भटू," आणि मी भोंग्याचा स्क्रू पिळत "हाव, जिभाऊ," म्हणून होकार द्यायचो.

आता तो उन्हाळा. मागच्या मोठ्या निवडणुकीचा. जिभाऊंच्या नातीचं, पल्लवीचं, लग्न ठरलं होतं. मुहूर्त भर दुपारचा, मांडव सोसायटीच्या मोकळ्या प्लॉटवर, माईक अर्थातच माझा. आणि लग्न तोंडावर आलं असताना सोसायटीची गटार भरून वर आली. जिभाऊंच्या दारातून थेट मांडवाच्या जागेपर्यंत काळं पाणी. वास असा की दुकानात बसून मला जेवण जाईना.

जिभाऊ पैरण घालून, पिशवी घेऊन, झोन ऑफिसला निघाले. मला सोबत घेतलं, का ते मला अजून कळलेलं नाही. बहुधा जुन्या सवयीनं, मिरवणुकीत कोणीतरी आवाज द्यायला लागतं म्हणून. दारात ते उभे राहिले. उभेच राहिले. आतून खुर्ची आली नाही. शेवटी आम्ही आत गेलो. टेबलामागचा पोरगा वाईट नव्हता, अदबीनं बोलला.

"बोलो काका."

"गटार भरली. घरात लग्न आहे. वॉर्डप्रमुख आलेत म्हणून सांगा साहेबांना."

"कया पक्षना, काका?"

जिभाऊंनी पक्षाचं पूर्ण नाव सांगितलं. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून ते पूर्ण नाव मी पहिल्यांदा ऐकलं. पोरानं मान हलवली, अर्ज घेतला, शिक्का मारला. "मशीन मोकलीशुं," म्हणाला, मशीन पाठवतो. शिक्का अगदी स्पष्ट उमटला होता. मशीन आलं नाही.

ते आणलं अनिलनं, जिभाऊंच्या मुलानं. अनिल वाईट माणूस नाही, हेही निवेदनात घ्यावं. त्याचं भरतकामाचं लहानसं युनिट आहे, आणि रोज कुठल्या ना कुठल्या दारात त्याला 'तुम्ही कोणाचे' हे विचारलं जातं. त्यानं समोरच्यांच्या पुढाऱ्यांना, ज्यांना सगळे नुसतं साहेब म्हणतात, फोन लावला. जेवणं व्हायच्या आत मशीन गल्लीत. सोसायटीतल्या बायका टाळ्या वाजवायच्या बाकी होत्या. जिभाऊ ओट्यावर उभे राहून त्या जाड पाइपाकडे बघत होते. काळं पाणी सर्रकन खाली गेलं आणि त्याखालची जमीन दिसली तेव्हा ते आत निघून गेले.

फोनवर साहेबांनी हसत हसत एवढंच म्हटलं होतं, की लग्नाला नक्की येतो, आणि स्टेजवर जिभाऊंना आमचा खेस घालतो, जुना माणूस आहे, मान राहील.

अनिल माझ्याकडे आला. "भटूकाका, साहेब आले की माईकवर सांगा, जिभाऊ आज प्रवेश करताहेत. मी त्यांना तयार केलंय."

"ते हो म्हणाले?"

"नाही म्हणाले नाहीत."

थोड्या वेळानं जिभाऊ आले. खुर्चीवर बसले. पाणी प्यायले. मग म्हणाले, "भटू, लग्नमा एकदाव पक्षनी मंडळीले फोटोले बलाव. नेहमीसारखा." लग्नात अक्षतांनंतर गटागटानं फोटो निघतात: मामाकडचे, कंपनीतले, सोसायटीतले. पक्षाचाही एक निघायचा, आणि त्यात इतकी माणसं घुसायची की नवरा-नवरी शोधावी लागायची.

मी दोघांनाही "हाव" म्हटलं. आता तुम्ही सांगा, दोन्ही 'हाव' एका माईकमधून कसे काढायचे? त्या दुपारी मला जेवण गेलं नाही, आणि तोवर गटार साफ झालेली होती.

पुढचं आधी सांगून टाकतो, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको. जिभाऊ आणि जिजी आता गावाकडे राहतात. अनिलशी भांडण नाही. तो जातो, आंबे घेऊन येतो, मोटारीतून उतरताना बापाच्या पाया पडतो. पण त्या लग्नानंतर एक गोष्ट दोघांच्या बोलण्यात येत नाही आणि तिला वळसा घालता घालता त्यांचं बोलणंच आटलं. गटार नंतर पुन्हा भरली. तेव्हा साहेबांकडे कोणाचाच फोन उचलला गेला नाही, आणि पाऊस येऊन ते पाणी वाहून जाईपर्यंत सगळी सोसायटी नाकाला रुमाल लावून जिभाऊंच्या दारासमोरून गेली. त्यातल्या कित्येकांची रेशनकार्डं ती पिशवी हातात घेऊन जिभाऊंनीच काढून दिली होती. नुसते दाराकडे बघायचे.

एका म्हाताऱ्या माणसाच्या हट्टासाठी सगळ्यांनी वास का सोसायचा, हा प्रश्न खोटा नाही. मी स्वतः तो मनात विचारला आहे. पण गटार साफ व्हायला गळ्यात कोणाचा तरी पट्टा लागतो, हे आम्ही कधीपासून धरून चाललो? आणि खरं बोलायचं तर ही सवय आम्हाला लावली कोणी? खुर्ची बाहेर यायची ती जिभाऊंच्या पक्षासाठीच यायची. ज्याच्याकडे पक्षाची ओळख नव्हती, तो त्या काळीही बाहेर उभाच होता. जिभाऊंना हे ठाऊक होतं की नाही, मला कळत नाही. दुकानासमोरची खुर्ची मी अजून उचललेली नाही.

तर, मांडव. ऊन असं की कापडी छतातून पिवळा रंग गळून माणसांच्या तोंडावर पडला होता. वांग्याचा आणि साजूक तुपाचा वास. कूलरसमोर म्हातारे. साहेब आले, मागे माणसांची रांग. सगळ्यांच्या गळ्यात खेस, आणि त्या रांगेत जिभाऊंच्या फोटोंमध्ये घुसणारे कितीतरी जुने चेहरे. ते जिभाऊंच्या पाया पडले, अगदी वाकून. मग सरळ उभे राहून आपापले खेस नीट केले.

साहेबांचा सत्कार झाला. अनिलनं माझ्याकडे बघितलं. जिभाऊंनी बघितलं नाही. माझ्या आयुष्यातलं सर्वांत वाईट निवेदन मी तेव्हा केलं: "आता... साहेब... जिभाऊंचा... सन्मान करतील." प्रवेश हा शब्द मी गाळला. साहेबांनी घडी उलगडून खेस पुढे केला. कूलरसमोरचे म्हातारे बघायला उठले. कूलरसुद्धा हळू चालल्यासारखा वाटला.

जिभाऊंनी मान पुढे केली नाही. हात पुढे केले. खेस दोन्ही हातांत घेतला, टोकाशी नेला आणि गोंडा बोटांत फिरवून बघितला.

"साहेब," ते म्हणाले, "हा आमच्या जिजीनं बांधलाय. दोन गाठी आहेत. आमच्या घरातून गेला, फिरून आमच्याच घरात आला. त्याला फिरू द्या. माझी मान राहू द्या."

आणि त्यांनी तो खेस साहेबांच्या गळ्यात घातला, वर नारळ दिला, हात जोडले. साहेब मुरलेला माणूस. मोठ्यानं हसले, जिभाऊंना मिठी मारली, फोटो काढला, गाडीत बसले आणि गेले. अनिल मांडवाच्या खांबाला धरून उभा होता. त्याचा चेहरा मी बघितला, आणि मला जिभाऊंचा अभिमान वाटत असतानाच त्यांचा रागही आला. पल्लवी अंतरपाटामागे होती. तिला घामाशिवाय काही कळलं नसावं, अशी मी आशा करतो.

टाळी लागली. अक्षता पडल्या. फोटो सुरू झाले. मामाकडचे झाले, युनिटमधले झाले, सोसायटीचे झाले. जिभाऊ स्टेजच्या पायरीशी येऊन थांबले. त्यांनी पैरणीची बटणं लावली.

मी माईकची मखमल पुसली आणि जुना आवाज लावला, पोटातून, पूर्वीसारखा. "पक्षाच्या सर्व कार्यकर्त्यांना विनंती आहे की त्यांनी फोटोसाठी स्टेजवर यावं! पक्षाची मंडळी, लवकर यावं!" पेटीनं शिट्टी मारली. कितीतरी वर्षांनी मारली.

जिभाऊ वर चढले. नवरा-नवरीच्या मागे, मधोमध जाऊन उभे राहिले आणि सवयीनं दोन्ही बाजूंना जागा सोडली, माणसं दाटीवाटीनं उभी राहतील अशी.

खाली पंगत बसत होती. जुने चेहरे पत्रावळीकडे बघत होते. एकजण अर्धवट उठला, गळ्यातल्या खेसाला हात लावला आणि खाली बसला. मी पुन्हा पुकारलं. मग आवाज बारीक करून पुन्हा. लहान पोरांनी मागे वळून बघितलं, कोण येतंय म्हणून.

फोटोग्राफर बिहारकडचा, नवखा. त्यानं कॅमेरा डोळ्यावरून काढला आणि निष्पापपणे विचारलं, "अंकल, ग्रुप फोटो है ना? ग्रुप किधर है?"

सोडलेल्या जागेकडे जिभाऊंनी एकदा डावीकडे बघितलं, एकदा उजवीकडे. हसायचा प्रयत्न केला. तो प्रयत्न मला बघवेना, म्हणून मी माईककडे बघत राहिलो.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं गलका झाला. जिजी उठली होती. हातातली वरणाची बादली तिनं सुनेकडे दिली, पदर खोचला आणि पंगतीतल्या पानांमधून, कशावर पाय पडू न देता, सरळ स्टेजकडे आली. पायरी उंच होती. तिनं माझ्या खांद्याला धरलं आणि चढता चढता तिचं तोंड माईकपाशी आलं. तिला कळलं नाही की तो चालू आहे. ती जे बोलली ते सगळ्या मांडवानं ऐकलं, जुन्या चेहऱ्यांनी ऐकलं, अनिलनं ऐकलं आणि मधोमध उभ्या असलेल्या जिभाऊंनीही ऐकलं:

"मनी सवत मरी गई, म्हनीसन काय नवराले एकला उभा राहू देऊ? काढ रे भो, काढ फोटू!"